टिंबामागचं नाव

१

सात वर्षांचं काम एका रात्रीत नाहीसं झालं आहे, हे शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता उघडकीला आलं.

मोताळ्याबाहेर कापूस संशोधनाचं एक खासगी केंद्र आहे. आसपासच्या नऊ गावांच्या शेतांत केंद्राचे सत्तावीस कामगंध सापळे, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे, टांगलेले होते. दर सोमवारी प्रत्येक सापळ्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे, फोटो काढायचा आणि सगळं केंद्रातल्या मोठ्या संगणकावर bondali नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, असं सात हंगाम चाललं होतं. येत्या गुरुवारी दिल्लीहून समिती येणार होती. या नोंदी पाहून केंद्राला राष्ट्रीय प्रकल्प द्यायचा की नाही, ते ती ठरवणार होती.

आणि फोल्डर जागेवर नव्हतं.

केंद्रप्रमुख डॉ. शालिग्राम नारखेडे यांना संगणकातलं फार कळत नसे. आपली मेलसुद्धा ते छापून घेऊन वाचत. पण या संगणकावर चित्रांवर बोट न ठेवता काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावे लागतात, आणि टाइप केलेला हुकूम मशीन लिहून ठेवतं, एवढं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पुतण्याला, सागरला, ती यादी छापायला सांगितली. शुक्रवार संध्याकाळच्या शेवटच्या ओळी चारच होत्या.

cd kapus
ls
cd juna
rm -r bondali

rm म्हणजे पुसून टाक. खातं धम्मरत्न तायडेचं होतं.

धम्मरत्न एकोणतीस वर्षांचा. वडनेर भोलजीचा. केंद्राचा संगणक चार वर्षं तोच सांभाळत होता. नोंदींची दुसरी प्रत ठेवायची डिस्क दिवाळीपूर्वी बिघडली, तेव्हा नवी मागणारे तीन अर्ज त्यानं दिले होते. ते तिन्ही नारखेड्यांच्या टेबलावर पडून होते. त्या अर्जांची आठवण त्या सकाळी कोणाला झाली नाही. त्याला फाटकापाशी उभं करून नारखेड्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर त्याची बॅग जमिनीवर उलटी केली. जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला. भाजी मातीत सांडली. समिती परत गेली की पोलिसांत तक्रार देऊ, असं सांगून नारखेड्यांनी त्याला हाकललं.

दुपारी त्यानं नागपूरला बहिणीला फोन केला. "ताई, मी नाही केलं. पण कागदावर माह्यंच नाव हाय."

रेणुकानं त्याला धीर वगैरे दिला नाही. त्या कागदाचा फोटो पाठव, एवढंच म्हणाली. फोटो आल्यावर तिनं त्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि जागेवरून उठली. हा कागद खोटं बोलत होता.

२

रेणुका छत्तीस वर्षांची होती आणि गेली बारा वर्षं असेच संगणक सांभाळण्याचं काम करत होती. धम्मरत्नला काळ्या पडद्यावरचा पहिला हुकूम तिनंच शिकवला होता. रजा मिळून शेगावला उतरायला आणि तिथून एसटीनं वडनेरला पोचायला तिला मंगळवार उजाडला.

घरी वडील दयाराम, पोस्टातून निवृत्त झालेले, ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मुलगा शास्त्रज्ञांचा संगणक सांभाळतो, हे त्यांनी गावात ज्याला त्याला सांगितलेलं होतं. शनिवारपासून ते घराबाहेर पडले नव्हते. आई बेबीताई चुलीपाशी होती.

"दोन घासाच्या वर जेवून नाही राह्यला तो," ती म्हणाली. "डबा भुईवर पाडला म्हणे त्याचा. मी दिलेला डबा."

रेणुकाचा चेहरा बदलला नाही. "ज्यानं पाडला त्याले इथं या दारात आणीन," ती म्हणाली. "आन् ज्यानं हे केलं त्यालेबी सोडणार नाही."

दुपारी ती केंद्राच्या संस्थापक कौशल्याबाईंसमोर उभी राहिली. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंचा शब्द केंद्रात शेवटचा असे. नारखेडे शेजारीच बसले होते. चोराच्या बहिणीला संगणकाला हात लावू द्यायचा नाही, असं ते स्पष्टच बोलले. रेणुकानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिनं तो छापील कागद टेबलावर ठेवला.

"बाई, cd म्हणजे त्या खोलीत जा," ती म्हणाली. "हा माणूस आधी kapus या खोलीत गेला. तिथं ls म्हणून काय काय आहे ते पाहिलं. मग तिथूनच आतल्या juna या खोलीत गेला. तिथून बाहेर आलाच नाही. आणि आत उभा राहून म्हणतो, bondali पुसून टाक. bondali कुठं होतं?"

"बाहेरच्या खोलीत, kapus मध्ये," कौशल्याबाई सावकाश म्हणाल्या.

"मग मशीन आतल्या खोलीत शोधणार आणि म्हणणार, असं काही इथं नाही. मशीनचं उत्तर या यादीत येत नाही, हुकूम तेवढा येतो. या हुकमानं काहीही पुसलं गेलेलं नाही."

नारखेड्यांनी कागद ओढून घेतला, पाहिला आणि परत ठेवला.

"पण फोल्डर तर तिथं नाही," कौशल्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे अजून एक हुकूम दिला गेला. तो या यादीत नाही."

कौशल्याबाईंनी तिला बुधवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली. जुने कारकून मोतीराम तिच्या शेजारी बसतील, तिनं फक्त पाहायचं, काही बदलायचं नाही, अशी अट घातली.

३

संगणकासमोर बसल्यावर रेणुकानं पहिला हुकूम दिला तो df. डिस्क किती भरली आहे ते मशीन त्यावर सांगतं. उत्तर आलं, एकाहत्तर टक्के. धम्मरत्नला दर शुक्रवारी सकाळी हा आकडा वहीत लिहायची सवय होती. मोतीरामनं त्याच्या खणातून वही काढून दिली. त्या शुक्रवारीही आकडा एकाहत्तरच होता.

सात वर्षांच्या हजारो फोटोंनी डिस्कचा मोठा भाग व्यापलेला होता. ते पुसले गेले असते तर आकडा धाडकन खाली यायला हवा होता. तो जागचा हलला नव्हता. नोंदी या मशीनमध्येच कुठेतरी होत्या.

"मग दिसून काऊन नाही राह्यल्या?" मोतीरामनं विचारलं.

ते शोधण्याआधी रेणुकाला माणसं पाहायची होती. यादीतून गायब झालेल्या हुकमाचा खुलासा तिच्याकडे होता. या मशीनवर हुकमाच्या आधी एक मोकळी जागा सोडली, तर तो हुकूम यादीत लिहिला जात नाही. तिनं धम्मरत्नला फोन करून विचारलं, ही गोष्ट केंद्रात कोणाला माहीत आहे? तो म्हणाला, ऑगस्टमध्ये त्यानं दोन दिवस सगळ्यांसाठी वर्ग ठेवला होता, तेव्हा गंमत म्हणून ही करामत दाखवली होती. शिकायला दोघंच बसले. सागर आणि सापळे मोजणाऱ्या मंजुश्री मॅडम. नारखेडे सर पाच मिनिटंही आले नाहीत.

सागर मंगळवारी संध्याकाळी अमरावतीहून परतला. तो नारखेड्यांचा पुतण्या, जूनपासून केंद्रात पक्क्या जागेवर लागलेला. संगणकाचा मुख्य पासवर्ड धम्मरत्ननं त्याला दिला नाही म्हणून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि सागरनं ते लपवलं नाही. उलट, तुमच्या भावाला फार मस्ती होती, असं तिच्या तोंडावर म्हणाला. शुक्रवारी चारच्या सुमारास कौशल्याबाईंनी धम्मरत्नला प्रोजेक्टर दुरुस्त करायला बोलावलं होतं. त्याचा काळा पडदा उघडाच राहिला होता. तेव्हा खोलीत आपण आणि मंजुश्री दोघंही होतो, हेही सागरनं सांगितलं. रविवारी दुपारी तो परीक्षेसाठी अमरावतीला गेला होता. रजेच्या नोंदवहीत तसं लिहिलेलं होतं.

मंजुश्री चोपडे बुधवारी सकाळी स्वतःहून आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, शांत बाई. तिनं रेणुकासाठी चहा आणला. धम्मरत्न कसा आहे ते विचारलं. विचारताना तिचे डोळे भरून आले. सात वर्षं नऊ गावांतले सापळे तिनंच मोजले होते. केंद्राच्या अहवालांवर मात्र नाव एकट्या नारखेड्यांचं असे. तिचं नाव शेवटच्या पानावर, आभारांत. जूनमधल्या पक्क्या जागेवरही तिचाच हक्क होता, असं मोतीराम नंतर म्हणाला. ती स्वतः यातलं काही बोलली नाही.

रेणुकानं तिला एकच प्रश्न विचारला. परवाच्या सोमवारी मोजणी झाली का?

"नाही," मंजुश्री म्हणाली. "सगळं गेल्यावर कोणासाठी मोजायचं? सापळ्यांकडे कोणीच गेलं नाही."

ती गेल्यावर रेणुका पुन्हा पडद्याकडे वळली. kapus मध्ये जाऊन तिनं ls दिलं. नेहमीची फोल्डरं दिसली. juna मध्ये जाऊन पुन्हा ls दिलं. रिकामं. मग तिनं त्याच हुकमापुढे दोन अक्षरं जोडली.

ls -a

ज्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं ते नाव साध्या ls ला दिसत नाही. -a म्हटलं की मशीन लपलेलंही दाखवतं. आतल्या खोलीत, टिंबामागे, एक फोल्डर होतं.

.majhe

माझे. मोतीरामनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

४

फोल्डर उघडलं तेव्हा सगळं तिथं होतं. सात हंगाम, नऊ गावं, सत्तावीस सापळे. आणि प्रत्येक फाइल फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही, अशी करून ठेवली होती. ज्यानं हे लपवलं त्याला या कामाला ओरखडाही येऊ द्यायचा नव्हता.

रेणुकानं ls -lt दिलं. यानं सगळ्यात नवी फाइल वर येते. वरच्या ओळीवरची तारीख पाहून तिनं मोतीरामला हाक मारली.

फाइल सोमवारची होती. फोल्डर नाहीसं झाल्यावर तीन दिवसांनी कोणीतरी सत्तावीस सापळे मोजले होते, फोटो काढले होते आणि नेहमीच्या क्रमानं नोंद केली होती.

सोमवारी सागर अमरावतीत होता. नारखेडे मुंबईला होते, आणि सापळ्यांकडे ते कधीच जात नसत.

"सोमवारी सकाळी मंजुश्रीबाई स्कुटीवर गेल्या होत्या," मोतीराम हळूच म्हणाला. "दुपारी आल्या. मले वाटलं, दवाखान्यात गेल्या असतीन."

मंजुश्री केंद्रामागच्या प्रयोगाच्या प्लॉटमध्ये होती. रेणुका एकटीच तिथं गेली. तिनं फक्त एवढंच म्हटलं, की सोमवारची फाइल पाहिली. मंजुश्रीनं हातातली बोंडं खाली ठेवली. नाकारायचा प्रयत्न तिनं केलाच नाही.

सोमवार उजाडला आणि घरी बसवेना, असं ती म्हणाली. सात वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता. नारखेड्यांनी समितीसाठी जो नवा अहवाल केला होता त्यात तिचं नाव आभारांतूनही काढलं होतं. ते तिनं शुक्रवारी दुपारी वाचलं आणि चार वाजता तो उघडा पडदा समोर दिसला. हुकमाआधी मोकळी जागा सोडून तिनं फोल्डर नाव बदलून आतल्या खोलीत हलवलं. समितीपुढे नारखेडे रिकाम्या हातानं उभे राहावेत, एवढंच तिला हवं होतं. समिती गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, ती फोल्डर परत जागेवर ठेवणार होती.

"आन् rm ची ओळ?" रेणुकानं विचारलं. "ती यादीत दिसाले पाहिजे म्हणून मुद्दाम लिहिली ना? माह्या भावाच्या खात्यातून?"

मंजुश्री म्हणाली, "कोणाचं तरी नाव लागणारच होतं. मले वाटलं, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न हाय. मग तो सुटेलच."

"तुमचा राग नारखेड्यावर होता. भरलं कोणं? माह्या बापानं पाच दिवसांत गावात तोंड नाही दाखवलं."

मंजुश्रीनं मान खाली घातली. "उद्या समिती येऊ द्या," ती म्हणाली. "फक्त उद्यापर्यंत काही बोलू नका. नारखेडेनं तुमच्या भावाचा डबा पाडला. तुमालेबी तेच पायजे हाय ना, जे मले पायजे?"

रेणुका बांधावरून परत फिरली. संध्याकाळी कौशल्याबाईंना भेटून ती म्हणाली, की नोंदी सापडल्या आहेत आणि शाबूत आहेत. बाकीचं उद्या समितीसमोर, मोठ्या पडद्यावर दाखवीन. तोवर कोणाला सांगू नका.

५

गुरुवारी अकरा वाजता समितीचे तिघं सभागृहात बसले. पहिल्या रांगेत कौशल्याबाई आणि नारखेडे, मागे सागर, मोतीराम, मंजुश्री आणि उरलेले कर्मचारी. दयाराम आणि धम्मरत्न दोघंही दाराजवळ उभे होते. त्यांना रेणुकानं बोलावून घेतलं होतं.

नारखेड्यांनी उठून सांगितलं, की एका विश्वासघातकी कर्मचाऱ्यामुळे नोंदी हरवल्या आहेत. त्यांनी दाराकडे हातही केला. मग रेणुका संगणकासमोर बसली.

तिनं सगळे हुकूम एकेक करून टाइप केले आणि प्रत्येकाचा अर्थ साध्या मराठीत सांगितला. टिंबामागचं फोल्डर पडद्यावर आलं तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. नारखेड्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "पाहा, माझी सात वर्षांची मेहनत."

रेणुकानं पडद्यावर एका सापळ्याचा फोटो उघडला. "सर, हा चौदा नंबर," ती म्हणाली. "हा कोणत्या गावात आहे? कोणाच्या शेतात?"

नारखेडे हसले. एवढ्या बारीक गोष्टी सहायकांकडे असतात, असं म्हणाले. तिनं एकवीस नंबर उघडला. मग तीन नंबर. समितीच्या अध्यक्षा चष्म्यावरून नारखेड्यांकडे पाहू लागल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, की मग सांगू शकेल असं कोणी इथं आहे का?

मागच्या रांगेतून मंजुश्री उठली. चौदा नंबर कोणत्या बांधावर आहे, एकवीस नंबरचा खांब कोणत्या वर्षी बैलानं पाडला, तीन नंबरला पतंग कमी का येतात, हे सगळं ती कागदाशिवाय सांगत गेली. अध्यक्षा लिहून घेत होत्या. नारखेडे खाली बसले. त्यांच्याकडे आता कोणी पाहत नव्हतं. बोलता बोलता मंजुश्रीचा आवाज मोठा झाला, पाठ ताठ झाली. सात वर्षांत पहिल्यांदा सभागृहातले सगळे तिचं ऐकत होते. तिनं रेणुकाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आभार होते.

रेणुकानं तिला पूर्ण बोलू दिलं. मग पुढचा हुकूम टाइप केला.

ls -lt

"ही सगळ्यात वरची फाइल सोमवारची," ती म्हणाली. "नोंदी नाहीशा झाल्यावर तीन दिवसांनंतरची. त्या दिवशी हे सापळे कोणी मोजले? ज्यानं मोजले त्यालाच हे फोल्डर कुठं आहे ते माहीत होतं. आणि त्यानंच माझ्या भावाच्या खात्यात पुसण्याचा खोटा हुकूम लिहिला. मंजुश्री मॅडम, तुम्ही सांगता की मी सांगू?"

मंजुश्री उभीच होती. मग तिनं होकारार्थी मान हलवली आणि दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरली.

६

समितीनं प्रकल्प दिला नाही. नोंदी खऱ्या आहेत, पण त्या ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं अध्यक्षांनी लिहिलं. नारखेड्यांना कौशल्याबाईंनी महिन्याभरात निवृत्त व्हायला सांगितलं. मंजुश्रीला त्याच दिवशी राजीनामा द्यावा लागला. पोलिसांत द्यायचं की नाही ते रेणुकावर सोडलं होतं. तिनं दिलं.

शनिवारी सकाळी नारखेडे गाडीतून वडनेर भोलजीला आले. ही रेणुकाची अट होती आणि कौशल्याबाईंनी ती पाळायला लावली. शेजारपाजारचे जमले होते. दयाराम ओसरीवर उभे राहिले. नारखेड्यांनी माफीचं पत्र वाचून दाखवलं. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की दयारामांनी त्यांना परत पहिल्यापासून, मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. बेबीताई आतून बाहेर आलीच नाही.

रविवारी दुपारी धम्मरत्न बहिणीला सोडायला शेगाव स्टेशनवर आला. नोकरी परत मिळाली होती. दोघं फलाटावरच्या बाकावर बसले.

"मंजुश्री मॅडमनं मले दोनदा फोन केला होता," तो एकदम म्हणाला. "रविवारी एकदा, मंगळवारी एकदा. मी उचलला नाही. काय सांगाचं होतं तिले कोणास ठाऊक."

रेणुका त्याच्याकडे वळली. "हे तू मले आधी काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं नसतं काय?"

दूरवर गाडीचा आवाज आला. माणसं सामान उचलू लागली. भावाला बरं वाटेल असं काही म्हणता आलं असतं, पण रेणुकाला ते म्हणायचं नव्हतं.

"घेतलंच असतं," ती म्हणाली.

धम्मरत्ननं मान हलवली. तिची बॅग उचलून डब्यात ठेवली, तिला खिडकीची जागा पाहून दिली आणि खाली उतरला. गाडी हलेपर्यंत तो फलाटावर उभा होता, पण खिडकीकडे पाहत नव्हता.